संपाआधीचा लवाद

एसटीचा संप २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितल्यावर मिटला. जवळजवळ सहा महिने! ज्या गावाला लाल गाडीशिवाय दुसरी सोय नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि दवाखाना गाठणाऱ्या म्हाताऱ्यांनी ते कसे काढले असतील? पण तुटपुंजा पगारही वेळेवर न मिळणाऱ्या चालक-वाहकाला तरी दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा, लावून संप बेकायदा ठरवता येतो. पगार किती असावा, हे तो कायदा सांगत नाही. यावरचा मार्ग आपल्याच देशात आहे. १९६०च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला, आणि १९६६मध्ये त्यांच्यासाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा यांवर बोलणी फिसकटली, तर प्रश्न लवाद मंडळाकडे नेता येतो. त्याचा निवाडा सरकारलाही बंधनकारक असतो. अंतिम अधिकार संसदेचा, ही त्यातली पळवाट खरी. तरीही मंत्र्यांच्या आश्वासनापेक्षा ही व्यवस्था मला कितीतरी भरवशाची वाटते. एसटी, वीज, सरकारी रुग्णालये इथल्या कामगाराला संप करू नको म्हणायचे असेल, तर असा लवाद त्याच्या हक्काचा हवा, आणि संपाची नोटीस येण्याआधी उपलब्ध हवा. निकालाला मुदत असावी. अंमलबजावणी रखडली तर थकबाकीवर व्याज द्यावे, आणि ते कर्मचाऱ्याला न्यायालयात न जाता मिळावे.