सीमेवरची बस

सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकताच बस आली की नाही, हे मला कुणाला विचारावे लागत नाही. मागची बाके भरलेली असली की ती आली. रिकामी दिसली की ती चुकली. खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणाची दोरी अशी एका गाडीच्या चाकांना बांधलेली आहे. म्हणूनच या सार्वजनिक सेवेविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याच्या छत्राखाली अवघ्या २७ गाड्यांनिशी या सेवेचा आरंभ झाला. त्या काळी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि भालकी एका राज्यात तर उदगीर दुसऱ्या राज्यात गेले. राज्ये वेगळी झाली. सोयरिकी, बाजार आणि यात्रा मात्र होत्या तेथेच राहिल्या. आळंदचा रुग्ण आजही सोलापूरची वाट धरतो आणि महाराष्ट्रातील दत्तभक्त गाणगापूरला येतो. या माणसांना जोडून ठेवण्याचे काम आज कलबुर्गीचे कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ आणि महाराष्ट्राची एस. टी. या दोघांच्या गाड्या करीत आहेत.

परिवहन महामंडळांसाठी १९५० साली झालेल्या कायद्याने त्यांच्यावर दुहेरी जबाबदारी टाकली आहे. कारभार व्यापारी तत्त्वावर चालवावा हे खरे. परंतु सेवा पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची आणि सुसूत्र असावी, हेही तितकेच खरे. यांतील ‘सुसूत्र’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्यातील साध्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चमध्ये स्त्रियांचे भाडे निम्मे केले. दोन्ही निर्णय स्तुत्य होत. परंतु दोन्ही सवलती सीमेपाशी संपतात, आणि लेकीला भेटण्यास सीमेपलीकडे निघालेल्या माउलीचे सूत्र तेथेच तुटते. प्रत्येक राज्याला आपला खजिना सांभाळावा लागतो, हे मान्य. तरीही ज्या परस्पर करारांन्वये या गाड्या एकमेकांच्या हद्दीत धावतात, त्यांतच सीमाभागातील स्त्रिया व विद्यार्थी यांचा विचार का होऊ नये?

याहून दुःखद गोष्ट वेगळीच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून बेळगावकडे एका वाहकाला मारहाण झाली, चित्रदुर्गात दुसऱ्या राज्याच्या चालकाला काळे फासले गेले, आणि काही काळ दोन राज्यांमधील गाड्या थांबल्या. माझी मातृभाषा कोंकणी, अध्यापनाची भाषा मराठी, आणि बाजारात कन्नड व दखनी यांवाचून माझे चालत नाही. आपल्याकडील वाहक तर एकाच फेरीत तीन भाषांतून तिकिटे देतो. भाषेचा अभिमान अवश्य असावा. परंतु तो ज्याच्या अंगावर काढला जातो, तो बिचारा पगारी सेवक असतो, आणि शिक्षा भोगतो तो थांब्यावर ताटकळणारा प्रवासी.

विद्यार्थिमित्रहो, उद्या कुणी तुमच्या हाती दगड दिला, तर तो उचलण्यापूर्वी त्या रिकाम्या बाकांची आठवण करा. फुटलेली काच कोणत्याही राज्याची असो, त्या गाडीत बसणारा आपलाच असतो.