एकच गाडी करा!

परवा धाकट्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, यंदा महाबळेश्वरला किती गाड्या निघणार?" मी म्हटलं, "एक." तर हसला आणि म्हणाला, "मोठी घेतलीत की काय?" फोनवर त्याला काही समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. आमचे ते दोन मित्रही इथे गुपचूप वाचून जातात हे मला ठाऊक आहे. तेव्हा हे तुमच्यासाठीसुद्धा आहे, महाराज.

मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकला की सोलापूरकराला महाबळेश्वर आठवतं. आम्ही चार कॉलेजमित्र, चार कुटुंबं, २००७ साली पहिल्यांदा एकत्र गेलो. तेव्हा चौघांपैकी एकाकडेही चारचाकी नव्हती. एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतली. आठ मोठे, सहा पोरं. एसी नव्हता. पहाटे चारला निघालो, मोहोळवरून पंढरपूर, तिथे कळसाला गाडीतूनच नमस्कार, मग म्हसवड, गोंदवल्याला समाधीचं दर्शन, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. अडीचशेच्या वर किलोमीटर. माण तालुक्यातलं ते उघडंबोडकं माळरान खिडकीतून गरम वारा फेकत होतं, आणि आत मास्तरांच्या वहिनींनी केलेले धपाटे अन् शेंगाचटणी पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर फिरत होती. (मास्तर म्हणजे आमच्यातला शाळेत शिकवणारा. दुसरा डॉक्टर, तिसरा बँकवाला, आणि चौथा हा असा.)

त्या प्रवासात डॉक्टर आणि मास्तर यांचं जोरदार भांडण झालं होतं. विषय आता कोणालाच आठवत नाही. दहिवडीला दोघांनी तोंडं फिरवली. पण जाणार कुठे? गाडी एकच! पुसेगावला चहाला उतरेपर्यंत डॉक्टर मास्तरांच्या पोरीला मांडीवर घेऊन झोपवत होता. पसरणीच्या घाटात एका पोराला उलटी झाली की सगळी वरात खाली उतरायची, कोणी लिंबू कापतंय, कोणी पाठ चोळतंय. त्या घाटात उभं राहून खाली दिसणारं वाई मी जेवढा वेळ पाहिलं, तेवढा कुठलाही 'पॉइंट' आजवर पाहिलेला नाही.

आता गेल्या मे महिन्यातली सहल ऐका.

तीन गाड्या. माझी, डॉक्टरची, बँकवाल्याची. तिन्ही एसी, तिन्ही चकचकीत. माणसं तेरा. मास्तरांनी गाडी कधी घेतली नाही. घरं बांधणं, आईचं आजारपण, पोरीचं शिक्षण यात ते राहूनच गेलं. तर तीन गाड्यांत एकेक जागा उरत होती. मग काय, यादी तयार झाली : मास्तर डॉक्टरच्या गाडीत, वहिनी आमच्या, मुलगी बँकवाल्याच्या. एक कुटुंब तीन ठिकाणी, उरलेल्या सामानासारखं. ही यादी कोणी केली? मी. ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. मास्तरांनीही.

वहिनींनी तेरा माणसांचे धपाटे आणले होते. निघताना सात रस्त्यावर त्यांनी तीन पुडकी केली आणि एकेका गाडीच्या खिडकीतून दिली. पुढे सहा तास त्या आमच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसल्या. माझी मुलगी कानात बोंडकं घालून. माझी बायको विचारायची, "एसी कमी करू का?" त्या म्हणायच्या, "नाही हो, ठीक आहे." एकदाही त्यांनी आपण होऊन गाडी थांबवा म्हटलं नाही. स्वतःची माणसं असती तर म्हटलं असतं ना?

साताऱ्यापासून नकाशाने एका गाडीला मेढ्यावरून पाठवलं आणि दोघांना वाईवरून. आम्ही पसरणी घाटात दीड तास एका जागी. खाली वाई दिसत होतं, पण काचा खाली करायची सोय नाही, पुढच्या गाडीचा धूर. पोहोचलो ते वेगवेगळ्या वेळी. पुढचे दोन दिवस कोण कुठल्या पॉइंटवर आहे हे विचारण्यात गेले. वेण्णा तलावावर डॉक्टर पार्किंग शोधत होता तोवर आमचं होडीत बसून झालं होतं!

आणि एक सांगू? वेगळ्या गाडीत बसलं की माणूस दुसऱ्या गाडीतल्या माणसांबद्दल बोलायला लागतो. आम्हीही बोललो असतो, पण वहिनी होत्या, म्हणून गप्प बसलो. इतर गाड्यांतही तसंच झालं असणार. सहा तास तीन गाड्यांत तेरा माणसं गप्प!

तुमचे मुद्दे मला पाठ आहेत. पहिला, पैसे. तर हिशोब करू. जाऊन येऊन फिरून सहाशे किलोमीटर धरा, लिटरला पंधरा. गाडीमागे चाळीस लिटर, तिघांचं एकशेवीस. मोठी गाडी लिटरला दहा दिली तरी साठ. पण भाडं आणि ड्रायव्हरचा भत्ता धरला तर फार काही वाचत नाही, खोटं कशाला बोलू. वाचतं ते हे की तिघांपैकी कोणालाही घाटात स्टिअरिंगला चिकटून बसावं लागत नाही. (ड्रायव्हरला रात्री गाडीतच झोपवणारे लोक मी पाहिलेत. त्याची खोली आपल्याबरोबर बुक करायची, हे आत्ताच सांगून ठेवतो.)

दुसरा मुद्दा, स्वातंत्र्य. "वाटेल तेव्हा थांबता येतं." गेल्या वर्षी कोण थांबलं? मागचा पुढच्याला गाठायच्या नादात आणि पुढचा मागच्याची वाट बघायच्या कंटाळ्यात.

तिसरा, गुडघे आणि कंबर. हा खरा आहे. पण त्यासाठी चांगली गाडी घ्या, तीन कशाला?

माथेरानला खाजगी मोटारींना गावात प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर ज्याची त्याची गाडी सोडायची आणि पुढे जायचं. कोणाची केवढी गाडी हे नाक्याच्या अलीकडेच राहतं, लाल धूळ सगळ्यांच्या पायाला सारखीच. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालं, बांधकामावर, झाडतोडीवर बंधनं आली. पण मे महिन्यात तिथल्या बाजारपेठेकडे येणारी गाड्यांची रांग बघा. त्या रांगेत आमच्या तीन होत्या. सरकारने काही करावं म्हणून ओरडायचं आणि एका गाडीत मावणारी माणसं तीन गाड्यांतून न्यायची, हे आपल्याला शोभत नाही. आपण तर पंढरीच्या जिल्ह्यातले. दिंडीत ट्रक असतो तो सामानाला, माणसं बरोबर चालतात. तिथे कोणी विचारतं का तुमची गाडी कुठली?

यंदा ग्रुपवर सहलीचा विषय निघाला तेव्हा मास्तरांनी लिहिलं, "आमचं यंदा जमत नाही, घरी पाहुणे आहेत." डॉक्टरने रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकलं आणि विषय संपला. मास्तरांकडे कोणी पाहुणे येणार नाहीत. परवाच भाजी मंडईत वहिनी भेटल्या, त्यांना पाहुण्यांचा पत्ताच नव्हता. "तुम्ही जाऊन या, आमचं काय," एवढं म्हणाल्या आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळल्या.

मी सतरा सीटच्या गाडीची चौकशी करून ठेवली आहे. मेहुणा आणि त्याची बायको धरली तरी सगळे मावतो. तीन गाड्या निघणार असतील तर माझी त्यात नसेल.

मास्तरांना अजून विचारलेलं नाही. आधी तुम्ही दोघं हो म्हणा.