शरदातली सहल आणि उसनी पानगळ

सहामाहीच्या पेपरात ‘शरद ऋतूतील डोंगरसहल’ हा निबंध दिला की काय येतं, ते तुम्हीही तपासलं असेल. लाल-पिवळी पानं गळत आहेत, वाटेवर पानांचा गालिचा पसरला आहे, झाडं उघडी पडली आहेत. मूल साताऱ्याचं असो की संगमनेरचं, मजकूर तोच. मला विचाराल तर अशा निबंधाला भाषेचे गुण द्यावेत, पण वर्गात एकदा विचारावं, ‘ही पानगळ तू कुठे पाहिलीस?’

ती त्याने इंग्रजीच्या पुस्तकात पाहिलेली असते, नाहीतर मोबाईलवर. ‘ऑटम’ला आपण ‘शरद’ शब्द दिला आणि शब्दाबरोबर तिकडचं चित्रही आणलं. थंड देशांत दिवस लहान झाले, गारठा वाढला की पानांतलं हरितद्रव्य कमी होतं. आधीपासून लपलेला पिवळा रंग दिसू लागतो, काही झाडं लाल रंग नव्याने तयार करतात आणि मग पानं गळतात. आपल्याकडे पानगळीचं मुख्य कारण थंडी नाही, पाण्याची टंचाई आहे. म्हणून साग, पळस, सावर ही झाडं शिशिराच्या सुमारास उघडी होतात. आणि लाल पानं? ती आपल्याकडेही आहेत की! कोसंब बघा. फाल्गुन-चैत्रात तो लालभडक होतो, पण ती त्याची कोवळी पालवी असते. झडायची नाही, नुकती फुटलेली!

मग आपल्या डोंगरावर शरदाचे रंग कुठे असतात? जमिनीवर. भाद्रपद-आश्विनात, पाऊस ओसरत असताना कासच्या पठारावर जा. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. वर सगळा जांभा खडक, त्यावर मातीचा पातळ थर. मोठं झाड तिथे तग धरत नाही, पण तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा असे रंग दूरवर पसरलेले असतात. निळसर-जांभळी सीतेची आसवं तर वर्गात एक तास घेण्याच्या लायकीची आहेत. मातीत नत्र कमी, म्हणून ही नाजूक वनस्पती जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्मजीव पकडून खाते. दवबिंदू ही दुसरी वनस्पती चिकट थेंबांवर कीटक पकडते. हे ऐकल्यावर चौथीतलं मूल गप्प बसेल का, सांगा बरं.

पण शनिवार-रविवारी तिथे काय चालतं? गाडी लावायची, फुलांच्या पुढे उभं राहून फोटो काढायचे, कणीस खायचं, परत. कवल्याच्या फुलाला तिथे ‘मिकी माऊस’ म्हणतात आणि मुलांना तेवढंच आठवतं. याचाच एक भाईबंद कोकणात पावसाळ्यात भाजीला असतो, हे आजीने सांगायचं राहून जातं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा ठरल्या, त्यांत कासही आहे. दिवसाला ठराविक लोकांनाच प्रवेश मिळतो, त्यामुळे आधी नोंदणी करा. शाळेची सहल असेल तर शक्यतो सोमवार ते शुक्रवारच निवडा. पालकांना सुट्टीचेच दिवस मिळतात, हे मान्य. मग सकाळी लवकर पोहोचा, आखलेल्या वाटेवरूनच चाला आणि पहिला अर्धा तास मोबाईल पिशवीत राहू द्या.

मुलाला एकच काम द्या. हातभर जागेसमोर बसून जे दिसेल ते लिहायचं. रंग, पाकळ्या, मुंग्या, ओल, वास. नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं, नाव परतताना तिथल्याच माणसांना विचारायचं. पाच ओळी झाल्या तरी चालतील. त्यात ‘निसर्गाची मुक्त उधळण’ आली तर मात्र ती खोडायला सांगा.

आणि टोपली कारवी फुललेली दिसली तर तारीख लिहून ठेवायला विसरू नका. ती सात वर्षांनी एकदा फुलते. आज चौथीत असलेलं मूल पुढच्या बहराला अकरावीत असेल.