चौकातले उघडे दार

६ जुलै १९६२. न्यूयॉर्कमध्ये ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकाच्या दक्षिण बाजूला असलेल्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये त्या संध्याकाळी माणसे दाटीवाटीने बसली होती. आत उकाडा असह्य होता; तरीही कोणी उठायला तयार नव्हते. ही गर्दी उपासनेसाठी जमलेली नव्हती. काही तरुण नर्तकांचा कार्यक्रम तिथे चालला होता आणि तो तीन तासांच्या आसपास चालला.

या तरुणांचे नाच नेहमीच्या नाचांसारखे नव्हते. चालणे, धावणे, वाकणे, उभे राहणे अशा रोजच्या हालचालींतून त्यांनी ते रचले होते. त्यांच्यातल्या काहींना त्याआधी एका नामांकित संस्थेने चाचणी घेऊन नकार दिला होता. चर्चने मात्र आपली उपासनेचीच जागा त्यांना देऊ केली. इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन, ट्रिशा ब्राऊन, लुसिंडा चाइल्ड्स ही त्या मंडळातली नावे पुढे आधुनिक नृत्याच्या इतिहासात गेली. २०१८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या ‘जडसन डान्स थिएटर’वर मोठे प्रदर्शन भरवले.

देवाच्या घरात असा नाच? हा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळ्या रीतीने पडेल. कोकणातल्या देवळात दशावतार रंगतो, सभामंडपात कीर्तन होते, तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. पण तिथे कथा देवाचीच असते. जडसन चर्चने तेवढीही अट घातली नाही, हेच त्याचे वेगळेपण.

या चर्चच्या नावामागची हकिगत मराठी वाचकाला आपल्या अंगणापर्यंत आणून सोडणारी आहे. अमेरिकेतल्या सेलम गावी फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुणांना परदेशी धर्मप्रसारासाठी दीक्षा मिळाली. त्यांच्यात अॅडोनिराम जडसन होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हेही होते. सारे कलकत्त्याला पोचले; पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, तिने त्यांना निघून जाण्यास फर्मावले. हॉल आणि नॉट यांनी १८१३ साली मुंबई गाठली आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. पुढे याच मिशनने अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केला आणि याच मिशनशी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव जोडले गेले. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणणारे टिळक हेच.

जडसन मात्र रंगूनला गेले. त्यांनी बायबलचे ब्रह्मी भाषेत भाषांतर केले, ब्रह्मी भाषेचा कोश रचला. इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यात युद्ध पेटले तेव्हा हेर समजून त्यांना बेड्या घालून तुरुंगात टाकण्यात आले. १८५० साली समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचा मुलगा एडवर्ड अवघा पाच वर्षांचा होता.

हा एडवर्ड मोठा होऊन पाळक झाला. सुखवस्तू वस्तीतली मंडळी सोडून १८८१ साली तो न्यूयॉर्कच्या दाट, गरीब भागात आला. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या उत्तरेला श्रीमंतांची घरे होती आणि दक्षिणेला इटलीहून आलेल्या कष्टकऱ्यांच्या चाळी. वडिलांच्या स्मरणार्थ एडवर्डने चर्च बांधले ते या दोहोंच्या सीमेवर. स्टॅनफर्ड व्हाईट या नामवंत वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केला, जॉन ला फार्ज यांनी रंगीत काचांच्या खिडक्या घडवल्या. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही इमारत उभी राहिली. शेजारच्या इमारतीतल्या खोल्यांच्या भाड्यातून चर्चचा खर्च भागावा, अशीही योजना होती. उपदेशाबरोबर शेजाऱ्यांची रोजची गरज भागली पाहिजे, ही एडवर्डची धारणा होती.

काळ बदलला, वस्तीही बदलली. १९५६ साली हॉवर्ड मूडी मुख्य पाळक म्हणून आले. टेक्सासचा हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात सैनिक होता. चर्चच्या आसपास आता चित्रकार, कवी, नट, गायक राहत होते. त्यांच्यातले बहुतेक रविवारी चर्चमध्ये फिरकत नसत. त्यांना आत कसे आणावे, याची विवंचना मूडींनी केली नाही. त्यांना काय हवे आहे, हे त्यांनी विचारले. उत्तर सोपे होते: जागा.

मग तळघरात चित्रांचे दालन सुरू झाले. क्लेस ओल्डनबर्ग, जिम डाइन यांची सुरुवातीची कामे तिथे लागली. १९६१ मध्ये अल कार्माइन्स हे तरुण सहपाळक आले. त्यांनी कवींचे नाट्यगृह काढले आणि दोन नियम ठरवले. एक, धार्मिक नाटके करायची नाहीत. दोन, एकदा स्वीकारलेल्या नाटकाला कात्री लावायची नाही. कार्माइन्स स्वतः उत्तम संगीतकार होते. आठवडाभर नाटकाच्या तालमी आणि रविवारी उपासना, हा त्यांचा क्रम. त्याच वर्षी समोरच्या चौकात रविवारी गाणी म्हणण्यास नगरपालिकेने बंदी घातली, तेव्हा गायकांच्या बाजूने उभे राहिले तेही मूडीच. काही आठवड्यांत ती बंदी उठली.

अशा मोकळिकीची किंमत द्यावीच लागते. नोव्हेंबर १९७० मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, इथे राष्ट्रध्वज या विषयावर चित्रांचे प्रदर्शन भरले. ध्वजाची विटंबना केल्याच्या आरोपावरून फेथ रिंगोल्ड, जॉन हेंड्रिक्स आणि झाँ टोश या तीन कलावंतांना अटक झाली, खटला चालला, दंडही झाला. आपल्या घरात आलेल्या पाहुण्यामुळे दारात पोलीस आले, तर किती यजमान पुढच्या वेळी दार उघडतील? जडसनने दार लावून घेतले नाही.

कलेसाठी जागा देणे त्या मानाने सोपे म्हणावे, असे एक काम या चर्चने हाती घेतले. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये गर्भपात बेकायदा होता. पैसेवाल्यांना वाट सापडत असे. गरीब बाई मात्र भोंदूंच्या हाती सापडून जिवाला मुके. मे १९६७ मध्ये २१ ख्रिस्ती पाळक आणि यहुदी रब्बी एकत्र आले आणि अडचणीतल्या स्त्रियांना आपण सल्ला देऊ, असे त्यांनी उघडपणे जाहीर केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. पुढारपण मूडींचे होते आणि कामाचा भार होता चर्चच्या व्यवस्थापक आर्लीन कार्मेन यांच्यावर. कोणता डॉक्टर विश्वासाचा, हे पाहण्यासाठी त्या स्वतः गरोदर असल्याचे सांगून दवाखान्यांत जात. या धर्मगुरूंना अटकेची भीती होती; पण गुपचूप केल्यास बाईलाच अपराधी वाटेल, म्हणून त्यांनी नावे लपवली नाहीत.

न्यूयॉर्क राज्याने १९७० साली कायदा बदलला. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली देशभर दिलेला हा हक्क २०२२ मध्ये काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. या प्रश्नावर ख्रिस्ती समाजात तेव्हाही एकमत नव्हते, आजही नाही. मूडींचे म्हणणे पटणार नाही, असे पुष्कळ श्रद्धाळू लोक आहेत. पण दारात आलेल्या बाईला आधी बसायला खुर्ची द्यावी, एवढ्याबद्दल तरी वाद नसावा.

कार्मेन यांनी पुढे रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या वेश्यांसाठी काम सुरू केले. रात्री गाडी घेऊन जायचे, गरम कॉफी द्यायची, गप्पा करायच्या. धंदा सोडा, असा उपदेश करायचा नाही. या अनुभवावर त्यांनी आणि मूडींनी मिळून १९८५ मध्ये पुस्तक लिहिले.

मूडी १९९२ मध्ये निवृत्त झाले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागेही चर्चची रीत टिकली. देशाबाहेर घालवले जाण्याच्या भीतीत जगणाऱ्या स्थलांतरितांसोबत सरकारी कचेरीत जाऊन उभे राहणे, हे या शतकात त्या मंडळीचे एक काम झाले. समलिंगी स्त्री-पुरुषांनाही तिथे इतरांसारखेच स्थान आहे.

वडील परक्या देशात आपला धर्म सांगायला गेले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या चर्चने परक्यांना आपल्या घरी बोलावले आणि त्यांचे ऐकून घेतले. एरवी या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. पण कलकत्त्याच्या धक्क्यावर जडसनांना कंपनीने ‘तुम्हाला इथे जागा नाही’ असे सांगितले होते, हे आठवले की त्या उघड्या दाराचा अर्थ थोडा उलगडतो.

आपल्याही गावात देऊळ असते, मशीद असते, चर्च असते. उत्सवाचे दिवस सोडले तर त्यांचे मोठाले मंडप बहुतेक वेळ रिकामेच असतात. त्या दारात कोण संकोचून थांबते, आत यावे की नाही असे कोणाला वाटते, हे एकदा उंबऱ्यावर उभे राहून पाहायला काय हरकत आहे?