नांदेडच्या पंगतीत

परभणीहून पूर्णेमार्गे नांदेड ते किती दूर! तरीही आपल्या वस्तीतील कित्येकांनी तेथील सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा बाहेरूनच पाहिलेला आहे. "आपल्याला आत सोडतील का?" असे आम्हाला अजूनही विचारले जाते. विचारणाऱ्याचा दोष नाही. ज्यांच्या आजा-पणजांना देवळाच्या पायरीवरून हाकलले, ते विचारणारच. उत्तर सरळ आहे. कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला तेथे मुक्त प्रवेश आहे.

शिखांची पाच तख्ते आहेत, त्यांपैकी हे एक. दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली येथेच निधन झाले. आपल्यानंतर ग्रंथालाच गुरू माना, असे त्यांनी सांगितले. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि चर्मकार समाजात जन्मलेल्या संत रविदासांचीही आहेत. नामदेवांचे नरसी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

जाताना तंबाखूची पुडी, विडी, गुटखा घरीच ठेवावा. हे आधी सांगतो, कारण आपल्या माणसांचे घोडे येथेच अडते! शीख धर्मात तंबाखूला सक्त मनाई आहे. दारू पिऊन तर पाऊलही टाकू नये. चपला जोडाघरात द्याव्यात, हातपाय धुवावेत, लहानथोर सर्वांनी डोके झाकावे. मोठा रुमाल किंवा पदर पुरतो. ग्रंथाकडे पाय करून बसू नये. कढाप्रसाद, म्हणजे तुपातला कणकेचा शिरा, ओंजळीत घ्यावा.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने माथा टेकावा का, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. आमचे मत असे की, डोके झाकणे हा त्या घराचा मान आहे, तो राखावाच. माथा टेकणे श्रद्धेचे काम. ती नसेल तर हात जोडून शांत बसावे. कोणी सक्ती करीत नाही.

गावच्या लग्नात सर्वांच्या शेवटी, उकिरड्याच्या बाजूला जेवायला बसवल्याचे ज्या आजीला आठवते, तिला लंगरमध्ये मुद्दाम न्यावे. सगळे एकाच ओळीत, जमिनीवर. वाढणारा जात विचारत नाही, पैसेही घेत नाही. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यावी, पानात टाकू नये. मात्र फुकटचे जेवण म्हणून जाऊ नये. तासभर भांडी घासावीत, रोट्या लाटाव्यात. आपल्या आयाबहिणींच्या हातची रोटी तेथे सगळे खातात. त्याचे मोल त्यांना समजावून सांगायला नको.

येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचाही विचार केला होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते. अखेर १९५६ साली त्यांनी आपल्याला बुद्धाचा मार्ग दिला. पण शिखांत जात उरलीच नाही असेही समजू नये. पंजाबात कित्येक गावांत दलित शिखांचे गुरुद्वारे आजही वेगळे आहेत.

दसऱ्याला आणि होळीच्या वेळी नांदेडला फार गर्दी असते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर मधला एखादा साधा दिवस निवडावा.