विहिरीचा आलेख पडद्यावर येऊ द्या

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव राज्यातल्या शिक्षकांना नव्याने सांगावं लागत नाही. संदीप गुंड या शिक्षकाने गावाच्या साथीने ती शाळा डिजिटल केली आणि ठिकठिकाणचे शिक्षक ती बघायला आले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, लोकवर्गणी जमली आणि टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब वाड्यापाड्यांवर पोहोचले. हे काम मोठंच होतं.

पण त्या पडद्यावर विज्ञानाच्या तासाला चालतं काय? मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत व्हिडिओ चालतो. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, निळे बाण. काही मिनिटांत जलचक्र संपतं आणि मुलं स्वाध्यायाकडे वळतात. त्यांनी स्वतः काही शोधलेलं नसतं. पूर्वी पुस्तक उत्तर सांगत होतं, आता टीव्ही सांगतो, एवढाच फरक.

आणि हे घडतं कुठे, तर शहापुरात! इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यात जवळपास निम्मा वाटा इथल्या एकट्या भातसाचा आहे. १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवणारा तानसा इथलाच. तरीही उन्हाळा आला की तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो आणि सहावी-सातवीतल्या मुली हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. इतका पाऊस पडूनही आमची विहीर का आटते? याहून चांगला विज्ञानाचा प्रश्न कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

हा प्रश्न मुलांच्या हाती द्यावा. दसऱ्यापासून दर शनिवारी, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, मुलांनी दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडावी आणि काठापासून पाणी किती खाली गेलं ते मोजावं. मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, हे महत्त्वाचं. अंदाज चुकला की खरा विचार सुरू होतो. मग आकडे वर्गातल्या संगणकावर भरावेत आणि आलेख पडद्यावर बघावा. खालच्या पाड्यावरच्या शाळेचे आकडे मोबाइलवर मागवावेत. दोन रेषा शेजारी आल्या की मुलं स्वतःच विचारतील, त्यांची विहीर सावकाश का उतरते? तिथून चर्चा पायाखालच्या बेसॉल्टवर जाईल. हा कातळ भेगा असतील तेवढंच पाणी धरतो, वरच्या मुरमात मुरलेलं पाणी उतारावरून लवकर निघून जातं. इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर तोच उतार आकाशातून दिसतो. यंत्राचं खरं काम हे आहे: मोजलेलं साठवणं, जुळवणं, डोळ्यांना न दिसणारं दाखवणं. ‘फेट’ (PhET) या संकेतस्थळावरची प्रयोग करून बघायची सिम्युलेशन्स मराठीत फुकट आहेत, पण तीसुद्धा मुलाने हात घातल्यावरच उपयोगी; शिक्षकाने दाखवली तर पुन्हा व्हिडिओच.

शेजारच्या मुरबाडकडे तर आणखी एक ठेवा आहे. तिथल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी योगेंद्र बांगर या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. पन्नास वर्षांपूर्वी ओढा कोणत्या महिन्यात आटायचा, हे गावोगावच्या अशा आज्यांनाच विचारावं. मुलांनी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं आणि आपल्या आकड्यांशी ताडून बघावं.

शिक्षकाची अडचण मला ठाऊक आहे. दोन शिक्षक, पाच इयत्ता, वर ऑनलाइन माहितीचा रतीब. चौकशीला वेळ लागतो आणि पोर्शन थांबत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवा टीव्ही देण्याआधी वेळ द्या. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून दोनदा फक्त मुलांचे आकडे मांडू द्या आणि त्या दिवशी कुठलाही तक्ता भरून मागू नका. मूल्यमापनातही मुलाने काय मोजलं, यालाच गुण असावेत.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही विनंती आहे. पुढच्या सभेत टीव्ही चालू आहे का, हे जरूर विचारा. त्यासोबत मुलांनी या महिन्यात काय मोजलं, तेही विचारा आणि वही मागून बघा.