‘आधी परीक्षा, मग परोपकार’ या मताचा समाचार

आमच्या अंबाजोगाईत मागील महिन्यात एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. श्रद्धा आणि समाजकार्य यांची सांगड घालू पाहणाऱ्या कॅथलिक विद्यार्थी-चळवळी हा त्यांच्या रोषाचा विषय होता. त्यांची कैफियत थोडक्यात अशी की, देव देव्हाऱ्यात शोभतो. समाजकार्य हा धर्मांतराचा बुरखा आहे. ही सारी कल्पनाच विलायती आहे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे विद्यार्थ्याने आधी परीक्षा द्यावी, मग परोपकार करावा. गृहस्थांनी हे इतक्या आटोपशीरपणे मांडले नव्हते, त्यांना पावणेदोन तास लागले. परंतु सार यापेक्षा फारसे निराळे नव्हते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून हा खटाटोप.

किरकोळ आक्षेप प्रथम निकालात काढतो. विलायतीपणाविषयी एवढेच सांगतो की, कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय महासंघ मद्रासेत १९२४ साली स्थापन झाला, म्हणजे ज्या मराठवाडा विद्यापीठाची पदवी गृहस्थ मिरवतात ते निघण्याच्या चौतीस वर्षे आधी. धर्मांतराच्या आमिषाविषयी म्हणाल, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलतींना मुकतो. असे आमिष मांडून बसणारा व्यापारी दिवाळखोरच निघायचा.

देव्हाऱ्याकडे नंतर वळू. राहिली परीक्षा. या एका आक्षेपापुढे मात्र बैठक मारून बसणे भाग आहे, कारण तो वरवर सात्त्विक दिसतो आणि पालकांना फार आवडतो.

हे मत पुण्यात कोणी मांडले असते तर मी ऐकून सोडून दिले असते. परंतु ज्या जिल्ह्यात दसरा उलटला की गावेच्या गावे बैलगाड्यांत आणि ट्रकांत संसार भरून पश्चिमेकडील साखर कारखान्यांची वाट धरतात, जेथे मुकादमाने पावसाळ्यातच दिलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ ठरतात, आजारपणाने एक दिवस काम चुकले तर त्याचा खाडा लागतो, आणि आईबापांच्या मागे पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला राखत बसलेल्या पोरीचे नाव शाळेच्या हजेरीपटावर तेवढे शिल्लक राहते, त्या बीड जिल्ह्यात उभे राहून ‘आधी परीक्षा’ असा उपदेश करणाराने एवढे तरी सांगावे, की परीक्षा नेमकी कोणाची? शेजारचा बाक रिकामा पडला आहे हे ज्या मुलाला दिसते, त्याने त्या बाकाकडे पाठ फिरवून सनावळ्या पाठ कराव्यात, याला गृहस्थ अभ्यास म्हणतात. माझ्या मते तो रिकामा बाक हाच त्या मुलाच्या अभ्यासाचा पहिला धडा आहे.

गंमत अशी, की ज्या विलायतेचा गृहस्थांना एवढा तिटकारा, तेथील या विचाराचा आरंभ असल्याच एका बाकापासून झाला. बेल्जियममधील जोसेफ कार्डाइन हा १८८२ साली जन्मलेला, सामान्य घरातला मुलगा. पाद्री होण्यासाठी तो शिकत राहिला, त्याचे सवंगडी गिरण्यांत गेले. सुटीत घरी आला, तेव्हा तेच सवंगडी त्याच्याकडे परक्यासारखे पाहू लागले. ती नजर त्याला जन्मभर सलली. १९२५ साली त्याने तरुण कामगारांची संघटना उभी केली आणि ‘पाहा, पारखा, करा’ ही त्रिसूत्री दिली. विद्यार्थ्यांनी ती लगोलग उचलली, आणि १९६१ साली तेविसाव्या जॉन पोपांनी आपल्या परिपत्रकात तिला मान्यता दिली. म्हणजे प्रारंभी होती ती एका शिकणाऱ्या मुलाची शरम. ऊसतोडीला गेलेला वर्गमित्र एप्रिलात परततो, तेव्हा आमच्या पोरांना ती वाटू नये, असे गृहस्थांचे म्हणणे असेल तर त्यांनी ते उघड मांडावे.

श्रमदानाच्या शिबिरांवरून तीस वर्षांपूर्वी एका सभेत असाच वाद झाला होता. पोरांनी पाटी टाकून घमेली का उचलावीत, असा तेव्हाचा सवाल होता. त्या वेळी मी हरलो नव्हतो, सभाच आटोपली होती.

देव्हाऱ्याच्या आक्षेपाला तर याच गावाने पूर्वी उत्तर दिले आहे. अंबाजोगाई जेव्हा निजामाच्या दफ्तरात मोमिनाबाद होती, तेव्हा येथील शाळेचे मुख्याध्यापक भगव्या वस्त्रांतले संन्यासी होते. त्या स्वामी रामानंद तीर्थांनीच पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले, आणि त्यांच्या संन्यासाला त्यामुळे बाध आला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आणि परीक्षेचेच म्हणाल, तर १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. त्या मुलांना ‘आधी परीक्षा’ सांगणारे वडीलधारे घरोघर असतीलच. त्या दिवसांचा गौरव सप्टेंबरच्या सतरा तारखेला गृहस्थही मोठ्या आवाजात करतात.

आता माझे मंडन. ते तोकडे आहे हे मी आधीच कबूल करतो. या चळवळींत दोष नाहीत असे नव्हे. पुष्कळदा त्या वार्षिक मेळावा, फलक आणि गाणी यांतच संपतात. औरंगाबाद धर्मप्रांत, ज्यात बीड जिल्हा येतो, तो १९७७ सालचा, आणि या जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे थोडी. तेव्हा मोठ्या संख्येची भाषा येथे फोलच. परंतु आठ-दहा विद्यार्थी आठवड्यातून एकदा एकत्र बसले, गावातील कोणती मुले कोयत्यामागे गेली ते त्यांनी पाहिले, शुभवर्तमानाच्या कसोटीवर ते पारखले, आणि मग हंगामी वसतिगृहात एखाद्या मुलीची सोय लावून दिली किंवा मागे राहिलेल्या मुलांना संध्याकाळी दोन तास शिकवले, तर त्यात श्रद्धा कोठे संपली आणि समाजकार्य कोठे सुरू झाले हे मला तरी सांगता येणार नाही. नुसत्या कळवळ्याने पहिले वर्ष निघते; दुसऱ्या दसऱ्याला पुन्हा तीच नावे वहीत लिहावी लागतात, तेव्हा पोरांना प्रार्थनेचा आधार लागत असेल तर तो हिरावून घेण्याचा अधिकार मला नाही.

विद्वान गृहस्थांना एकच विनंती आहे. यंदा दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांनी बीड, धारूर किंवा वडवणी तालुक्यातील कोणत्याही एका शाळेत जाऊन हजेरीपट मागून पाहावा. जाण्यायेण्याचे भाडे मी देईन.